साम्पिंग आत की बाहेर? मलय वस्त्रं नेसण्याबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: क्वालालंपूरला ऑफिसातल्या मलय मित्राचं लग्न आहे. त्याने मला बाजू मलायू (अंगरखा आणि विजार) आणि वर नेसायला सोंगकेतचा, म्हणजे जरीच्या कापडाचा, साम्पिंग (कमरेला गुंडाळायचं आखूड वस्त्र) दिला आहे, बायकोसाठी बाजू कुरुंग (सैल अंगरखा आणि खाली नेसायचं लांब कापड). व्हिडिओ बघितले तर प्रत्येक जण वेगळ्या पद्धतीने नेसतो. बरोबर पद्धत कोणती? आपण नेसलेलं चालतं का? आणि घरात घालायला घेतलेला लुंगीसारखा सारोंग सारखा सुटतो, त्याची गाठ कशी मारायची?

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. सारोंगला गाठ नसते. नाडी नसते, पिनही नसते. कापड कमरेवर टिकतं ते दोन गोष्टींवर: जास्तीचं कापड पोटावर सपाट दुमडलेलं असतं आणि वरची कड बाहेरच्या बाजूने खाली वळवत तिची घट्ट वळकटी केलेली असते. ही वळकटी नीट बसली की माणूस त्यात दिवसभर वावरतो, बाजारात जातो, सायकल चालवतो. गाठ मारली तर मात्र कापड एका जागी गोळा होतं, बाकी घेर सैल पडतो आणि थोड्या वेळाने सगळंच खाली यायला लागतं. तुमचं तेच होत असणार.

मी इथे लग्नघरांत नेसवण्याचं काम करते. शिकले ते एका माक आंदामच्या हाताखाली. माक आंदाम म्हणजे नवरीला सजवणारी, नवरानवरी दोघांना तयार करणारी जाणती बाई. तिच्याकडे येणाऱ्या मराठी पाहुण्यांना नेसवताना एक गोष्ट हमखास दिसते: आपला हात आत खोचायला जातो. धोतर असो, लुगडं असो, निऱ्या करायच्या आणि पोटाशी आत खोचायच्या हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. मलय नेसणीत वळण बाहेर असतं आणि दोन पायांमधून मागे काही जात नाही. एवढं डोक्यात पक्कं केलंत की अर्धं काम झालं.

आता कापडाकडे बघू. सारोंग म्हणजे दोन टोकं शिवून केलेली नळी. तिचा घेर साधारण २ मीटर असतो. समजा तुमची कंबर कपड्यांसकट ९० सेंटीमीटर भरते. म्हणजे ११० सेंटीमीटर कापड जास्तीचं. हे कापड कुठे आणि कसं बसवायचं, यालाच नेसणं म्हणायचं. तुम्ही नळीच्या एका टोकाला सरकून उभे राहिलात तर दुसऱ्या बाजूला ५५ सेंटीमीटरचा दुहेरी पंख उरतो आणि तो पोटावरून दुसऱ्या कमरेपर्यंत जातो. मधोमध उभे राहिलात तर दोन्ही बाजूंना साडेसत्तावीस सेंटीमीटरचे दोन पंख मिळतात आणि ते समोर एकावर एक येतात. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओंपैकी बरेचसे फरक एवढ्यातच संपतात. दोन्ही पद्धती बरोबर आहेत.

घरचा सारोंग म्हणजे चौकडीचा सुती काइन पलेकात (काइन म्हणजे कापड). हे नाव चेन्नईच्या उत्तरेला असलेल्या पुलिकत बंदरावरून आलं. कोरोमंडल किनाऱ्यावरून असं चौकडीचं कापड शतकानुशतकं मलाक्का आणि पुढच्या बंदरांकडे जात होतं. मलय पुरुष तो घरात नेसतात, झोपताना नेसतात आणि नमाजाला जातानाही नेसतात. नमाजात पुरुषाचं बेंबीपासून गुडघ्यापर्यंतचं अंग झाकलेलं असावं लागतं, म्हणून पलेकात बेंबीच्या वर बांधतात. आपल्याकडे लुंगी बेंबीखाली, पार ओटीपोटावर बांधणारे पुष्कळ. सारोंग सुटण्याचं ते दुसरं कारण. तिथे अंगाला उतार असतो आणि वळकटीला बसायला जागाच मिळत नाही.

नवा पलेकात आणलात की आधी एकदा पाण्यातून काढा. दुकानातून येतो तेव्हा तो खळीने कडक असतो, घड्यांवरून सरकतो, वळकटी धरत नाही. धुतला की सूत मऊ होतं आणि कापड कापडाला धरून राहतं. मग दोन्ही पाय आत घालून उभे राहा. दोन्ही हातांनी कडा बाजूला ताणा, म्हणजे पाठीला कापड सपाट लागेल. उजवा पंख पोटावरून डावीकडे आणा आणि तळहाताने दाबून धरा. डावा पंख त्याच्यावरून उजवीकडे आणा. आता दोन्ही हातांनी वरची कड एकदा बाहेर मुडपा, पुन्हा मुडपा, हवं तर तिसऱ्यांदा. मुडपताना कापड वर ओढायचं नाही, अंगाकडे दाबत खाली वळवायचं. श्वास रोखून किंवा पोट आत ओढून बांधू नका, नेहमीचा श्वास चालू असतानाच बांधा. पोट आत ओढून बांधलेला सारोंग जेवायला बसल्यावर काचतो, आणि श्वास सोडून बांधलेला तर पहिल्या दीर्घ श्वासालाच वळकटी उलगडतो.

अजून एक बारकावा आहे, तो व्हिडिओत कोणी सांगत नाही. वळकटी समोर जाड होते, त्यामुळे समोरचा घेर वर उचलला जातो. म्हणून सुरुवात करतानाच समोरची कड मागच्यापेक्षा बोटभर खाली धरा. वळून झालं की खालचा काठ आपोआप जमिनीला समांतर येतो. आमच्या माक आंदाम नवऱ्यामुलाला नेसवून झाल्यावर मागे सरून उभ्या राहायच्या आणि फक्त खालचा काठ बघायच्या. मग त्याला मांडी घालून बसायला लावायच्या, उठायला लावायच्या आणि परत काठ बघायच्या. उठल्यावर काठ जागेवर असेल तरच पट्टा बांधायच्या, नाहीतर सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. तुम्हीही आरशासमोर उभं राहून नव्हे, असं बसून-उठून तपासा.

आता लग्नाचं. साम्पिंग हाही नळीसारखा शिवलेलाच असतो, पण उंचीला आखूड, कारण तो विजारीवर नेसायचा असतो आणि गुडघ्याच्या आसपास संपतो. तो आत नेसायचा की बाहेर, हे अंगरख्यावर ठरतं. त्यामुळे तुम्हाला दिलेल्या अंगरख्याचा गळा आधी बघा. उभी पट्टी असलेला, पाच गुंड्यांचा गळा असेल तर तो चेकाक मुसांग. पाच गुंड्या इस्लामच्या पाच स्तंभांच्या, असं सांगायची पद्धत आहे. पट्टी नसलेला गोल गळा, समोर छोटी चीर आणि वर एकच गुंडी असेल तर तो तलूक बलांगा. त्याच्या गळ्याभोवती बारीक, दाट हातशिलाई असते. ती नीट घातलेली असेल तर शिंपी कसबी आहे असं समजायला हरकत नाही.

चेकाक मुसांगवर साम्पिंग बाहेरून येतो. म्हणजे आधी विजार, मग अंगरखा, आणि अंगरख्याच्या खालच्या भागावरून साम्पिंग. याला दागांग लुआर म्हणतात. तलूक बलांगाबरोबर साम्पिंग आत जातो: विजार, साम्पिंग आणि सगळ्यांत वर अंगरखा. अंगरख्याखालून साम्पिंगचा फक्त खालचा भाग दिसतो. हे दागांग दालाम. तलूक बलांगा ही जोहोर या मलेशियाच्या दक्षिणेकडच्या राज्याची ओळख आहे. तिचं श्रेय परंपरेने जोहोरचे सुलतान अबू बकर यांना दिलं जातं. त्यांचा कारभार आधी सिंगापुरातल्या तलूक बलांगा इथून चाले. १८६६ मध्ये तो तांजुंग पुत्रीला हलला आणि त्याच गावाचं नाव जोहोर बाहरू झालं. जोहोरच्या घरांत आजही आत नेसलेला साम्पिंग हीच रीत मानतात. तुमचा मित्र जोहोरचा असेल आणि तुम्ही तलूक बलांगावरून साम्पिंग बाहेर नेसलात, तर कोणी तुम्हाला टोकणार नाही, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या नजरेत ते येईल.

क्वालालंपूरच्या लग्नांत तरुण मुलं हे दोन्ही प्रकार सरमिसळ करतात हे खरं आहे. तरी माझं मत विचाराल तर गळा बघून नेसा. यामागे निव्वळ रीतच नाही, शिवणाचाही विचार आहे. तलूक बलांगाचा अंगरखा ऐसपैस असतो, बगलेत आणि बाजूला कळ्या घातलेल्या असतात, त्याचा खालचा घेर मोकळा पडला तरच तो शोभतो. त्यावरून साम्पिंग आवळला की कमरेला चुण्या पडतात आणि पाठ फुगते. चेकाक मुसांगचं उलट आहे. त्याच्या गळ्याची पट्टी आणि गुंड्यांची सरळ रेष नजरेला खाली कमरेपर्यंत नेते, आणि तिथे सोंगकेतची जर दिसली की वेश पूर्ण होतो.

उंचीबद्दल जुना संकेत असा की अविवाहित पुरुषाचा साम्पिंग गुडघ्याच्या वर, विवाहिताचा गुडघ्याच्या खाली. आज सगळे गुडघ्याच्या आसपास नेसतात आणि त्यावरून कोणी लग्नाची चौकशी करत नाही. तरी तुम्ही बायकोसोबत जाताय, तर गुडघा झाकलेला ठेवा. दिसायलाही ते भारदस्त दिसतं.

मग येतो कपाला. साम्पिंगभर एक नक्षी असते आणि एका जागी उभा, जास्त भरगच्च पट्टा असतो, तो कपाला. त्याच्यात बहुधा समोरासमोर टोकं केलेल्या त्रिकोणांच्या रांगा असतात. त्या त्रिकोणांना पुचूक रबूंग म्हणतात, म्हणजे बांबूचे कोंब. पुरुषांच्या साम्पिंगमध्ये हा पट्टा बहुतेक ठिकाणी पाठीमागे, मणक्याच्या रेषेवर ठेवतात. कारण सरळ आहे: दुमडी सगळ्या समोर येतात, पाठ सपाट राहते, त्यामुळे नक्षी कुठेही न मोडता अखंड दिसते. काही घरांत तो पुढे किंवा बाजूला घेतात. बायकांच्या बातिक सारोंगमध्ये तो पुष्कळदा पुढेच दिसतो. यजमानांच्या घरातल्या पुरुषांकडे एकदा बघून घ्या आणि तसं करा. पण कुठेही ठेवलात तरी दुमडीत अर्धा गाडला जाईल असा ठेवू नका. विणकराने सगळ्यांत जास्त कष्ट त्याच पट्ट्यावर घेतलेले असतात.

सोंगकेत पलेकातसारखं कमरेला धरून राहत नाही. ते रेशमी असतं किंवा रेशमासारख्या गुळगुळीत धाग्याचं, वर जरीचा भार. म्हणून आत पातळ सुती पट्टी किंवा रुंद इलॅस्टिक बांधलं तर त्यात कमीपणा नाही, आम्ही नवऱ्यामुलालाही बांधतो. पद्धत अशी: कपाला मागे धरून नळीच्या उजव्या टोकाला सरका. डाव्या हाताशी आलेला पंख पोटावरून उजवीकडे घ्या. त्याची उभी कड उजव्या मांडीवर सरळ खाली पडली पाहिजे. ही कड तिरकी गेली तर सगळी नेसण तिरकी दिसते. पट्टी आवळा आणि वरची कड तिच्यावरून दोनदा खाली वळवा. तिसरं वळण सोंगकेतला नको, पोटावर गोळा दिसतो. मधोमध दुमड हवी असेल तर पलेकातसारखेच दोन पंख करा, पण वरच्या पंखाची कड विजारीच्या मध्यरेषेवर आणून थांबवा.

नवऱ्यामुलाच्या कमरेला वरून कापडी पट्टा असतो आणि त्यावर पेंडिंग नावाचं मोठं, नक्षीदार धातूचं बक्कल. डाव्या बाजूला, पुढच्या अंगाला करिस, म्हणजे मलय कट्यार, खोचलेला असतो. डोक्यावर तेंगकोलोक, म्हणजे चौकोनी सोंगकेत दुमडून, टोकं उभी करून बांधलेला फेटा. तेंगकोलोकच्या प्रत्येक बांधणीला स्वतंत्र नाव असतं. मलेशियाचे राजे, म्हणजे यांग दी-परतुआन आगोंग, राज्यारोहणाला ज्या घाटाचा तेंगकोलोक घालतात त्याचं नाव दंदाम ताक सुदाह, आणि तो घाट नगरी सम्बिलान या राज्याचा. लग्नाच्या दिवशी नवऱ्यामुलाला एक दिवसाचा राजा मानतात, म्हणून हा सगळा साज त्याचा. पाहुण्याने यातलं काही घालू नये. तुम्हाला डोक्यावर काही हवंच असेल तर काळी मखमली सोंगकोक टोपी चालते, पण मुस्लिमेतर पाहुण्याने ती घातलीच पाहिजे असं नाही.

व्हिडिओत तुम्हाला एखादी नेसण अशीही दिसली असेल, की साम्पिंगचा खालचा काठ तिरपा जाऊन एका बाजूला टोक पडतं. तो नळी नसलेल्या, सुट्या लांब कापडाचा प्रकार आहे. त्याला इकात पान्चुंग म्हणतात. तो योद्ध्यांचा वेश म्हणून ओळखला जातो आणि आज सिलात ही मलय युद्धकला खेळणाऱ्यांच्या अंगावर, नाचात, नाटकात दिसतो. पाय मोकळा राहतो हा त्याचा फायदा. लग्नाला आलेल्या पाहुण्याला त्याची गरज नाही, आणि तुम्हाला दिलेलं शिवलेलं कापड त्या पद्धतीने बसणारही नाही. काही व्हिडिओ तयार साम्पिंगचे असतात. त्याला आधीच दुमड शिवलेली आणि चिकटपट्टी लावलेली असते. लहान मुलांसाठी ती सोय छान आहे. तुम्ही मोठे आहात, खरं कापड मिळालंय, तर हाताने नेसा.

जाता जाता हेही सांगते. जुन्या मलय कथांत योद्ध्यांच्या कमरेला चिंदाई नावाचा रेशमी शेला येतो. तो चिंदाई म्हणजे आपल्या शेजारच्या गुजरातचं पटोला. मलय दरबारांत त्याला फार मान होता. साम्पिंगवर कमरपट्टा बघताना मला नेहमी वाटतं, की आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून गेलेल्या कापडाने या वेशाच्या घडणीत वाटा उचललेला आहे आणि त्याची माहिती आपल्याकडे फार कमी जणांना आहे.

आता तुमच्या पत्नीचं. बाजू कुरुंग म्हणजे गुडघ्यापर्यंत येणारा सैल, लांब बाह्यांचा अंगरखा आणि खाली घोट्यापर्यंत काइन. दुकानातल्या बहुतेक संचांत काइनला चेन आणि शिवलेल्या निऱ्या असतात, त्यामुळे तो घागऱ्यासारखा चढवला की झालं. पण जुन्या घरांतून मिळालेला काइन साधी नळी असू शकतो. मग जास्तीचं कापड एका बाजूला घ्यायचं आणि बोटभर रुंदीच्या चारपाच निऱ्या एकावर एक घालून कमरेशी दाबायच्या, वरून नाडी किंवा पट्टी बांधायची. या बाजूच्या निऱ्यांना ओम्बाक मंगालुन म्हणतात. चालताना त्या एकेक करून उघडतात आणि मिटतात, समुद्राच्या लाटेसारख्या, आणि नावही तेच आहे. मराठी बाईच्या हाताला निऱ्या नव्या नाहीत, पण दोन फरक सांभाळायचे. निऱ्या समोर नाही, बाजूला येतात. आणि त्या आत खोचायच्या नाहीत, सपाट दाबून वरून बांधायच्या. खोचल्या तर कमरेला फुगवटा येतो. सैल कुरुंगखाली तो झाकला जाईल, पण निऱ्यांची धार जाते.

आत परकर घालू का, असं बायका हमखास विचारतात. सोंगकेतचा काइन असेल तर पातळ सुती अस्तर किंवा परकर जरूर घाला. जरीचे धागे आतून टोचतात आणि पैंजण-जोडव्यांत अडकतात. बातिकला गरज नाही.

कबायाची गोष्ट वेगळी. तो अंगाला बसणारा, समोर उघडा आणि ब्रोचने बंद होणारा अंगरखा. त्याच्याखाली कमरेला निऱ्यांचा गठ्ठा लगेच दिसतो. म्हणून कबायाखाली सारोंग सपाट नेसतात: सगळं जास्तीचं कापड एकाच रुंद दुमडीत पोटावरून घेतलेलं, खालचा घेर आवळता. त्यात पावलं लहान पडतात, हे नेसण्याआधी माहीत असावं. २०२४ मध्ये ब्रुनेई, इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर आणि थायलंड या पाच देशांच्या एकत्रित प्रस्तावावरून कबाया युनेस्कोच्या वारसायादीत गेला. सोंगकेत त्याआधी, २०२१ मध्ये, मलेशियाच्या नावाने गेलं होतं. माझ्या मते एकत्रित प्रस्ताव हेच योग्य झालं. हे कपडे आजच्या सीमा आखल्या जाण्याच्या कितीतरी आधीचे आहेत. ब्रुनेईत साम्पिंगला सिंजांग म्हणतात आणि सरकारी समारंभात तो पोशाखाचा नेहमीचा भाग आहे. सुमात्राच्या पूर्व किनाऱ्यावर, रियाऊत, दक्षिण थायलंडच्या पातानीत हीच कुटुंबं, हीच कापडं.

एक नेसण मात्र फोटोत पाहून करू नका. जुन्या छायाचित्रांत मलय बायका छातीवर सारोंग बांधलेल्या दिसतात, त्याला बरकम्बान म्हणतात. विहिरीवर, नदीवर आंघोळ करताना बायका तसं नेसत. ती घरातली, खाजगी नेसण आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलात सारोंग तसा बांधून फिरणारे पर्यटक दिसतात, पण गावात किंवा लग्नघरात ते शोभत नाही. बाकी सारोंगचे घरातले उपयोग अगणित आहेत. बातिकचा सारोंग छताला स्प्रिंग लावून टांगला की बाळाचा पाळणा होतो. बाळंतिणीच्या पोटाला लांब सुती पट्टी गुंडाळतात, तिला बेंगकुंग म्हणतात. आपल्याकडे जुन्या लुगड्याच्या पट्टीने पोट बांधतात तेच हे. दोन्हीकडच्या आज्या एकमेकींना भेटल्या तर या विषयावर दुभाष्याशिवाय बोलतील याची मला खात्री आहे.

आपण नेसलेलं चालतं का? चालतं, आणि मनापासून आवडतं. इथे चिनी आणि भारतीय वंशाच्या बायका ऑफिसात बाजू कुरुंग घालतात. सरकारी शाळांत तो मुलींचा गणवेश असतो. हरी रायाला, म्हणजे ईदला, घरं सगळ्यांसाठी उघडी असतात तेव्हा सगळ्या समाजांचे पुरुष बाजू मलायू घालून जातात. तुमच्या मित्राने कापड स्वतः दिलं आहे, म्हणजे तुम्ही घरच्यांतलेच दिसावं अशी त्याची इच्छा आहे. पथ्यं दोनच. विजारीशिवाय नुसता साम्पिंग नेसू नका. आणि लग्नाला राजघराण्यातलं कोणी येणार असेल तर पिवळा रंग टाळा, तो सुलतानांचा रंग मानला जातो. स्वतः निवड करायची वेळ आली तर अंगरखा-विजार एकाच रंगाची घ्या आणि साम्पिंग त्याहून गडद. पायांत चामड्याच्या सपाता चांगल्या दिसतात, त्यांना इथे चापाल म्हणतात.

कापड विकत घ्यायचं असेल तर क्वालालंपूरला जालान तुआंकू अब्दुल रहमान हा रस्ता आणि लगतचा मस्जिद इंडिया भाग, सिंगापुरात अरब स्ट्रीट. पण खरं सोंगकेत बघायचं तर पूर्व किनाऱ्यावर जा: तरंगानूला पासार पायांग, कोता भारूला पासार सिती खदीजा (पासार म्हणजे बाजार), आणि कोता भारूजवळ पनाम्बांग गावात विणकरांची घरं. घेण्याआधी कापड उलटं करून बघा. हातमागाच्या सोंगकेतमध्ये जर वेगळ्या बाण्याने नक्षीपुरती उचलून घातलेली असते, ती उलट्या बाजूलाही दिसते. छापील कापडाची पाठ कोरी असते. सगळीकडे भरगच्च नक्षी असलेला बुंगा पनुह आणि विखुरलेल्या बुट्ट्यांचा बुंगा ताबूर यांच्या किमतीत मोठा फरक असतो, कारण पहिल्याला विणकराचे महिने जातात. नुसतं बघून शिकायचं असेल तर क्वालालंपूरचं राष्ट्रीय वस्त्र संग्रहालय मेर्देका चौकाशेजारीच आहे. रेल्वे कंपनीच्या मुख्यालयासाठी बांधलेली ती जुनी लालविटांची इमारत आहे, आणि आत सोंगकेत, धागे आधी रंगवून विणलेलं रेशमी लिमार, सोन्याचा वर्ख छापलेलं तलपूक हे सगळं जवळून बघता येतं.

लग्नाच्या दिवशी साम्पिंग घरूनच नेसून गाडीत बसू नका. सीटबेल्टखाली दुमड चुरगळते आणि सोंगकेतवर पडलेली सुरकुती तासाभरात जात नाही. विजार-अंगरखा घालून जा, साम्पिंग हातात न्या, तिथे पोचून नेसा. तलूक बलांगा असेल तर अंगरखा तिथे एकदा उतरवावा लागेल, पण लग्नघरात पुरुषांना तयार व्हायला खोली असतेच. जमिनीवर बसायची वेळ आली तर पुरुष मांडी घालतात, बायका दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसतात. बसताना साम्पिंग मांडीवरून दोन बोटांनी किंचित वर उचला म्हणजे गुडघ्यावर ताण येणार नाही. जरीचे धागे तुटतात ते बहुतेक वेळा इथेच.

घरी आल्यावर धुवू नका. सावलीत वाऱ्यावर पसरा, अत्तराचा फवारा जरीवर मारू नका, आणि इस्त्री करायचीच झाली तर उलट्या बाजूने, मध्ये सुती कापड ठेवून, मंद. मित्राला परत करायचं असेल तर घडी घालण्याऐवजी कागदाच्या नळीवर जर आत ठेवून गुंडाळा आणि मलमलीत बांधून द्या. नळी मिळाली नाही तर निदान आधीच्या घडीच्या रेषेवर पुन्हा घडी घालू नका.